दांड्यावरचा पहारा

३ सप्टेंबर, तापकेन

केलेव,

नाही.

तुझ्या लांबलचक पत्राला माझं उत्तर एवढंच आहे. पण टपालाचं हेलिकॉप्टर यायला अजून अवकाश आहे आणि कागद बराच उरलाय, म्हणून पुढचं लिहिते. फोन का करत नाहीस, असं विचारलंयस. फोनवर तू माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागद मुकाट्याने ऐकून घेतो.

तिकडे शहरात, अनादिरला, तुझ्या शेजारच्या इमारतीत माझ्यासाठी घर बघून ठेवलंयस. नळाला बाराही महिने गरम पाणी, खिडकीतून बंदर दिसतं. छान. बंदर बघून मी काय करू? दुसऱ्यांच्या बोटी आल्या-गेल्याची दखल घेत बसू? आणि शेवटी लिहिलंस, ‘ताई, समुद्रापुढे हट्ट चालत नाही.’ समुद्रापुढे हट्ट कोण करतंय? माझं आणि समुद्राचं आपापसात काय ते चाललंय. माझा हट्ट तुझ्यापुढे आहे, आणि तो आजचा नाही. आई गेली तेव्हा तू एवढासा होतास आणि सीलचं मांस पुढे आलं की ओठ घट्ट मिटून बसायचास. तेव्हा शेवटी कोणाचा हट्ट चालला, ते आठवून बघ.

दोन वर्षांपूर्वी बाबांना टेकडीवर पोचवून आलो, अजून कोणी घोटभर चहाही घेतला नव्हता, आणि तू सगळ्यांसमोर उभा राहून म्हणालास की आता या गावात राहण्यात अर्थ नाही, किनारा खचतोय, गाव बंद करावं, आणि तसा प्रस्ताव तूच लिहितो आहेस. त्यावर मी तुझी बॅग उचलून दाराबाहेर ठेवली. लोकांना वाटतं मला त्याचा पस्तावा होत असेल. होत नाही.

आजीचं गाव सरकारने असंच बंद केलं होतं, कागदावर. माणसांना होड्यांत भरलं आणि दुसऱ्यांच्या गावात नेऊन उतरवलं. आजी सांगायची, तिथला समुद्र कुठून वाचायचा तेच पुरुषांना कळेना. शिकार नाही, काम नाही. थोड्याच वर्षांत निम्मे दारूने गेले. तिच्या गावावर कुठली लाट आली नव्हती. ते कागदाने बुडालं.

असो. वॉलरस आलेत.

तू शिकायला वसतिगृहात गेलास तेव्हा ते असे येत नव्हते. तेव्हा उन्हाळाभर टेकडीवरून समुद्रात पांढरी रेघ दिसायची. माद्या पिल्लांना बर्फाच्या लाद्यांवर ठेवून बुडी मारायच्या, तळाचे शिंपले खायच्या, वर येऊन पडायच्या. लादी वाहत पुढे जायची आणि त्यांना आयतं नवं कुरण मिळायचं. यंदा जुलैनंतर ती रेघ कोणी पाहिलेली नाही. बर्फ उत्तरेला इतका लांब पळालाय की तिथे वॉलरसाला तळच सापडत नाही. मग दमलीभागली सगळी फौज आपल्या वाळूच्या दांड्यावर. गावाच्या शेवटच्या घरापासून टोकापर्यंत वाळू दिसत नाही, नुसत्या तपकिरी पाठी. डरकाळ्या घरात ऐकू येतात. वासाचं तर बोलूच नको. शाळेतली ल्युबा म्हणते, पोरांच्या वह्यांनाही तोच वास येतो.

कुत्री बांधलीत. बंदुका बंद. होड्यांच्या मोटारी बंद, वल्ही काढलीत. ल्युबा शाळेची घंटा वाजवत नाही, दारात उभी राहून हाताने पोरांना बोलावते. कारण एक डबा पडला, एक कुत्रं भुंकलं, की एवढालं धूड घाबरतं, मग शेजारचं, मग सगळेच पाण्याकडे सुटतात आणि पिल्लं त्यांच्याखाली जातात. गावाला मांस लागलं तर विक्विन मामा दोघांना घेऊन कडेच्या एखाद्या नराला भाल्याने मारतात, त्यांच्या आजोबांसारखे. आवाज नाही, गडबड नाही. पंचाहत्तरी गाठलेला माणूस, पण भाला हातात आला की कंबर सरळ होते.

पहाऱ्याची प्रमुख यंदा मी आहे. हे पुरुषांचं काम, असं काही जण कुरकुरले. मामा म्हणाले, “पोरांनो, वॉलरसाच्या मादीला तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्या मिश्या आहेत. तिला काही फरक पडत नाही.” विषय संपला.

आता कामाचं. प्रवासी घेऊन एक जहाज येणार आहे म्हणे, वॉलरस जवळून दाखवायला. सरपंच ग्रिगोरी हुरळलाय. ते लोक वीजघरासाठी डिझेल आणि शाळेला संगणक देणार आहेत. परवानगी अनादिरच्या सरकारी कार्यालयातून मिळालीय. तू त्याच कार्यालयात बसतोस. चौकशी कर आणि ते थांबव. ही विनंती नाही.

घर ठीक आहे.

रुल्तिना

२२ सप्टेंबर, तापकेन

केलेव,

जहाज आलं.

सकाळी धुकं होतं. ते विरलं तेव्हा आपल्या खाडीच्या तोंडाशी पांढरं जहाज उभं, गावातल्या सगळ्या घरांपेक्षा उंच. थोड्या वेळात त्यातून रबरी होड्या उतरल्या. लाल जाकिटं घातलेली माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा. मी मामांना आणि पहाऱ्यावरच्या सगळ्यांना घेऊन आमच्या दोन होड्या वल्हवत पुढे गेले आणि दांड्याच्या अलीकडे त्यांच्या वाटेत आडव्या लावल्या.

पुढचं सगळं भांडण कुजबुजत झालं, केलेव. वॉलरस हाकेच्या अंतरावर, ओरडणार कसं? तू असतास तर हसला असतास. दोन्हीकडची माणसं दात-ओठ खात होती, हात हलवत होती आणि आवाज मात्र तान्ह्या बाळाला निजवताना असतो तेवढा.

त्यांचा वाटाड्या तरुण होता, सेंट पीटर्सबर्गचा. चांगल्या घरचा वाटला. मी म्हटलं, “मागे फिरा.”

तो म्हणाला, “आमच्याकडे परवानगी आहे.”

“मग ती यांना वाचून दाखवा,” मी दांड्याकडे हात केला. “ते जागा देतील तर जा.”

हसू दाबताना मामांचे खांदे हलायला लागले. त्या मुलाने खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरला. सही दाखवून हळूच म्हणाला, “अनादिरचे केलेव साहेब. ओळखता का त्यांना?”

सही मी पाहिली. ‘क’ची शेपटी तू अजूनही लहानपणासारखीच लांब ओढतोस.

“ओळखते,” मी म्हटलं. “त्याचा शेंबूड पुसलाय मी.”

हे मी एवढं हळू बोलले की होडीतल्या बाकीच्यांना ऐकू गेलं नाही. त्या मुलाने दांड्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. पुढच्याच रांगेत एक मादी पिल्लाला वल्ह्यासारख्या पुढच्या पायाखाली घेऊन पडली होती आणि मान उचलून आमच्याकडे बघत होती. त्याने मागच्या होड्यांना हाताने खूण केली. फिरल्या. खरंच फिरल्या. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

आणि तेवढ्यात वरून भुणभुण आली. जहाजाच्या डेकवर राहिलेल्या कोणीतरी ड्रोन सोडला होता. आपल्याला जवळ जाऊ देत नाहीत म्हणून वरून तरी बघू, असं त्याच्या मनात आलं असेल. त्या मुलाने तोंडावर हात नेला. ड्रोन दांड्यावर आला आणि खाली उतरला.

आधी एक मान वर झाली. मग सगळ्या.

ते मी लिहिणार नाही. जमीन हलते एवढं सांगते. आमच्या होड्या पाण्यात होत्या तरी ती हलल्याचं कळलं. सगळे समुद्रात गेल्यावर वाळू पहिल्यांदा दिसली. पिल्लं पडली होती, काही म्हाताऱ्याही. एक मादी परत आली आणि आपल्या पिल्लाला नाकाने पाण्याकडे ढकलत राहिली. लाटेने ते मागे यायचं, ती परत ढकलायची. संध्याकाळपर्यंत.

ग्रिगोरीने मोजदाद केली, त्याला वर कळवावी लागते. मी केली नाही. आम्ही ट्रॅक्टरने मेलेली जनावरं ओढत पूर्वेच्या भूशिरावर नेऊन टाकायला लागलो. बर्फ नाही म्हणजे अस्वलंही किनाऱ्यावरच उपाशी फिरताहेत. वास गावातून आला तर ती गावात येतील, भूशिरावरून आला तर तिकडे जातील. तो वाटाड्या मुलगा जहाजावरून उतरून आला आणि दुपारभर आमच्याबरोबर दोर ओढत होता. जाताना मला टोपी काढून वाकला. जहाज गेलं. डिझेल आणि संगणक न उतरवता.

तर, परवानगीवर तुझी सही होती. मी तुला आधी लिहिलं होतं. माझं पत्र तुला मिळालं की नाही? मिळालं असेल तर तू काय केलंस? एवढंच विचारते आहे. उत्तर सरळ दे, कार्यालयातलं नको.

अक्षर वाकडं आलंय, कारण दोराने हात सोलवटलेत. बाकी सगळं ठीक. घरही ठीक.

रुल्तिना

२० ऑक्टोबर, तापकेन

केलेव,

हे अक्षर ल्युबाचं आहे, बोलणं माझं. माझा उजवा हात मोडलाय. बर्फावर पाय घसरला.

(केलेव, मी ल्युबा. ताई खोटं सांगताहेत. घसरायला बर्फ आहे कुठे? ऑक्टोबर संपत आला आणि समुद्र उघडाच आहे. मी हे लिहिणार नाही म्हटलं, तर म्हणतात, शिक्षिका आहेस की पोलीस. तुम्हाला खरं कळायला हवं म्हणून लिहिते. मागच्या सोमवारी शाळा सुटत असताना कोठारांच्या मागून अस्वल आलं. मादी होती, इतकी वाळलेली की कातडी मोठ्या माणसाचा कोट पोराला घातल्यासारखी लोंबत होती. माझी धाकटी दाराबाहेर पडली होती. ताई मधे गेल्या. हातात फक्त बर्फ फोडायची पहार. मागे सरकल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, पहार आपटत अस्वलाशी बोलत राहिल्या. पंजाचा एकच फटका हातावर बसला. तोवर मामा आले आणि त्यांनी हवेत बार काढला. वॉलरस घाबरणार म्हणून दीड महिना बंद असलेला बार. मादी पळाली. ताईंना मी विचारलं, तिच्याशी काय बोलत होता? म्हणाल्या, तिला सांगितलं, बाई, तू उपाशी आहेस, मला कळतंय, पण हे पोर तुझं नाही.)

ही बाई शाळेत पोरांना मधे बोलू देत नाही आणि स्वतः माझ्या पत्रात एवढं बोलली. असू दे.

तुझं पत्र मिळालं. तीन पानं. त्यात किनाऱ्याची झीज आहे, भूगर्भातला वितळणारा बर्फ आहे, आपल्यासारख्या इतर गावांची उदाहरणं आहेत. अस्वलंही आहेत, माझ्या अस्वलाच्या आधीच. शेवटी, ‘सप्टेंबरच्या घटनेवरून सिद्ध होतं की तिथे माणूस आणि प्राणी एकत्र राहणं आता सुरक्षित नाही.’ सगळं आहे. सहीचं काही नाही.

मग मी तुला काय सिद्ध होतं ते सांगते. दांड्यावर एवढे आठवडे हजारो जनावरं पडून होती आणि शेजारी अख्खं गाव राहत होतं. पोरं होती, कुत्री होती, चुली पेटत होत्या, आणि एकही पिल्लू चिरडलं नाही. चिरडली ती बाहेरून माणसं आली त्या दिवशी. तू गाव उठवलंस तर पुढच्या वर्षी वॉलरस येणार नाहीत का? येतील. त्यांना जायला दुसरी जागाच नाही. मग त्या ड्रोनपुढे होडी आडवी कोण घालेल? तुझी तीन पानं?

बर्फ आम्ही वितळवला नाही, केलेव. आमच्या गावातल्या सगळ्या चुलींचा धूर एकत्र केला तरी त्या पांढऱ्या जहाजाच्या एका धुराड्याएवढा व्हायचा नाही. ज्यांनी वितळवला ते आपापल्या घरी आहेत, त्यांना कोणी बॅग भर म्हणत नाही. आणि आम्ही मात्र समंजसपणाने उठायचं.

मांस साठवायचं तळघर पाण्याने भरलं. आजोबांनी गोठलेल्या जमिनीत खणलेलं, कधीच न वितळणारं. आंबवायला ठेवलेलं हिवाळ्याचं मांस, कोपाल्खेन, सगळं नासलं. मामा काठावर उभे राहून म्हणाले, “आता आपण पाणी आंबवू या.” हे तुला सांगायचं नव्हतं. माकडाच्या हातात कोलीत कशाला द्यायचं? पण ल्युबा लिहितेच आहे, तर लिहू दे. आम्ही टेकडीच्या उत्तर अंगाला नवं तळघर खणायला घेतलंय.

आता ल्युबाला चहा आणायला पाठवलंय. पुढचं माझ्या डाव्या हातचं.

सही तुझी हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मामांनाही नाही. गाव म्हणतं, अनादिरच्या कोणा साहेबाने दिली. तुझं नाव मी का झाकते आहे, मला विचारू नकोस.

रुल्तिना

५ डिसेंबर, तापकेन

केलेव,

हात जुळला. वाकडा जुळला, पण चालतो.

घर ठीक नाही. आधी दोनदा ठीक म्हणून लिहिलं तेव्हा अंगण गेलेलं होतं, पायऱ्या हवेत लोंबत होत्या आणि मी मागच्या खिडकीतून ये-जा करत होते. मुद्दाम कळवलं नाही. तू तेवढंच वाक्य कापून तुझ्या प्रस्तावात चिकटवलं असतंस.

नोव्हेंबरच्या मध्यावर वादळ आलं. पूर्वी या दिवसांत किनाऱ्याला बर्फाचा जाड पट्टा धरलेला असायचा, लाटा लांबच त्याच्यावर डोकं आपटून बसायच्या. यंदा मधे काहीच नाही. समुद्र थेट घरात. आमची सामानाची खोली गेली, शेजारच्या दोन कोठारांसकट. बाबांचं कामाचं बाक तिच्यात होतं. वादळ थांबल्यावर बघितलं तर घराचा एक कोपरा कड्याच्या बाहेर, खाली पाणी.

ग्रिगोरी आला. म्हणाला, रुल्तिना, आता तरी अर्ज कर, फ्लॅट मिळेल. मी म्हटलं, अर्ज नको, ट्रॅक्टर दे. म्हणाला, कशाला? म्हटलं, घर टेकडीवर न्यायचंय.

तो हसला. मग मामांकडे गेला, त्यांनी समजूत घालावी म्हणून. मामा त्याला म्हणाले, “आपले वाडवडील तंबू उचलून चालायचे. हिचा तंबू जरा जड आहे एवढंच.” आणि कोट घालून बाहेर पडले.

जुन्या वीजघराचे लोखंडी पाइप आणले. घराखाली दोन तुळया घुसवल्या, त्यांच्याखाली पाइप. पोलादी दोर ट्रॅक्टरला, आणि मासे ओढायचे जाड दोर माणसांना. ज्याला ज्याला चालता येत होतं तो तो आला. ज्यांनी फ्लॅटसाठी अर्ज केलेत तेही आले. शाळा बंद ठेवून पोरं पाइप उचलून पुढे लावत होती. आणि केलेव, ओरडाआरडा किती झाला. वॉलरस केव्हाच गेले होते. सगळा पावसाळी शरद कुजबुजत काढलेलं गाव एकदम मोकळं सुटलं. जो तो दुसऱ्याला शिव्या देत होता. मामा गाडीच्या टायरवर बसून दोन्ही बाजूंना शिव्या देत होते. अर्ध्यात ट्रॅक्टर बंद पडला. घर उतारावर, मागे सरकायला लागलं. वीतभर सरकलंही. तेव्हा ग्रिगोरी, आपला तो ग्रिगोरी, वीजघराच्या नोकरीपासून आजवर ज्याला कोणी वाकलेलं बघितलं नाही, तो तुळईला खांदा लावून असा काही ओरडला की सगळ्यांच्या अंगात आलं. दोराने ओढून नेलं घर. माणसांनी.

आता ते शाळेच्या वरच्या सपाटीवर आहे. थोडं कललंय. कपातला चहा एका बाजूला जास्त दिसतो. पण खिडकीतून अख्खा दांडा दिसतो, पहाऱ्याला बरं. शेजारच्या तिघांनी विचारलंय, आमचंही नेता येईल का. वसंतात बघू म्हटलं.

चुलतभाऊ ओम्रिन टुंड्रातून आला होता. त्याच्याकडे भर नोव्हेंबरात पाऊस पडला, लगेच गोठला, बर्फावर काचेसारखा थर बसला. रेनडिअरांना खाली शेवाळापर्यंत खूर पोचवता येत नाही. उभ्या उभ्या मरताहेत. तो म्हणाला, इतकी वर्षं आम्ही म्हणायचो समुद्राचं दुखणं तुमचं, टुंड्राचं आमचं. आता एकच दुखणं झालंय. त्याला सांगितलं, तुझी माणसं इकडे आण, नव्या तळघरात वॉलरसाचं मांस आहे. तो म्हणाला, नाही, कळप घेऊन डोंगरापलीकडे जाऊन बघतो. आपल्या घराण्यात ‘हो’ म्हणणारं कोणी जन्मलंच नाही, असं मामा म्हणतात.

समुद्र काल गोठायला लागला. पातळ, करडा. पोरं दगड टाकून बघतात, दगड बुडतो.

ऐकलंय, फेब्रुवारीत समिती येणार आणि गावाचा निकाल लावणार. तू असशील का तिच्यात? नसलास तर बरं. असलास तर माझ्या घरी उतरू नकोस. बाकी सगळ्यांच्या घरी जागा आहे.

रुल्तिना

१४ फेब्रुवारी, तापकेन

केलेव,

तू गेलास आणि मागोमाग हवा बिघडली, त्यामुळे हे पत्र कधी निघेल ते सांगता येत नाही. तरी लिहिते. तुझ्याशी समोरासमोर एक शब्द झाला नाही. तू समितीच्या टेबलामागे, मी भिंतीपाशी.

तू बारीक झालायस.

सभेत काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण मी जिथे उभी होते तिथून ते कसं दिसलं, ते सांगते. तुमचे अध्यक्ष वाचत होते. किनारा, वादळ, अस्वलं, खर्च. सगळं खरंच होतं, मी कशाला नाकारू? मग ते सप्टेंबरवर आले. ‘ग्रामस्थांच्या निष्काळजीपणामुळे चेंगराचेंगरी होऊन…’ असं त्यांनी वाचलं. ग्रामस्थांच्या. ज्यांनी पावलं न वाजवता चालायचं म्हणून बुटांना चिंध्या बांधल्या होत्या, ते लोक समोर शाळेच्या बाकांवर बसले होते. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. नाव माझ्या जिभेवर होतं, केलेव. तू नसतास उठलास तर मी ते घेतलं असतं, सगळ्यांसमोर, आणि मागे वळून बघितलं नसतं. हे तुला कळावं म्हणून स्पष्ट लिहिते.

पण तू आधी उठलास. आधी आपल्या भाषेत बोललास, मग रशियनमध्ये. “जहाजाची परवानगी मी दिली. जागा न बघता दिली. ताईने आधी पत्र लिहून थांबवायला सांगितलं होतं, मी ते पत्र बाजूला ठेवलं. गावाची काही चूक नाही.” आणि खाली बसलास. हात टेबलावर ठेवलेस, लहानपणी मार खायच्या आधी ठेवायचास तसे.

अध्यक्षांनी तुझ्याकडे पाहिलं ते मला दिसलं. त्यांनी फाइल मिटली, निकाल पुढे ढकलला. ग्रिगोरी म्हणतो, तुझी नोकरी जाईल. गेली का?

गाव काय म्हणतं, ते ऐक. काही जण म्हणतात, रुल्तिनाने भावाला पाठीशी घातलं. घातलं. काही म्हणतात, तू उठलास हे मोठं केलंस. मामा तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, “उशिरा उठला. पण उठला.”

निकाल पुढे ढकलला म्हणजे रद्द केला नाही, हे मला समजतं. अजून वर्षाने, दोन वर्षांनी दुसरे येतील. येऊ देत. तोवर आणखी चार घरं वर गेलेली असतील. तापकेन त्यांच्या नकाशावर राहो की न राहो, टेकडीवर राहील.

ल्युबा जाते आहे. मार्चमध्ये, दोन्ही मुलींना घेऊन. धाकटी त्या दिवसापासून दचकून उठते, शाळेच्या दाराबाहेर पाऊल टाकत नाही. ल्युबा रडत सांगायला आली, मला वाटलं तिला माझी भीती वाटतेय. मी म्हटलं, वेडे, मी सरकारशी भांडते, आईशी नाही. तुझ्या शेजारच्या इमारतीत तू माझ्यासाठी बघितलेलं ते घर तिला मिळवून दे. तेवढं कर. तिथे अजून तुझा शब्द चालत असेल तर.

आता तुझं.

तुला वाटत असेल की तू खरं बोललास आणि आपलं मिटलं. नाही मिटलं. ती मादी संध्याकाळपर्यंत पिल्लाला ढकलत होती. ते मी बघितलंय, तू नाही. शब्दांनी ते भरून निघत नाही. माझ्याही नाही, तुझ्याही नाही. माझा राग जागच्या जागी आहे आणि मी तो तुझ्यासाठी कमी करणार नाही.

पण ऑगस्ट संपता संपता ते परत येतील. बर्फ यंदा उशिरा आला आणि पातळ आला, म्हणजे लवकर जाईल, कदाचित आधीच येतील. पूर्वेच्या टोकाचा पहारा मामा करायचे. त्यांचे गुडघे संपलेत, मला सांगत नाहीत, पण मी बघते आहे. ती सगळ्यात वाईट जागा आहे. आडोसा नाही, वारा थेट तोंडावर, आणि वॉलरसांचा सगळा वास त्याच दिशेने. गावातून नेलेला चहा तिथे पोचेपर्यंत गार होतो. बोलायला कोणी नसतं आणि असलं तरी बोलायचं नसतं.

ती जागा तुझी.

नोकरी असो वा नसो, ये. पाहुणा म्हणून आलास तर घरात घेणार नाही. पहाऱ्याला आलास तर अंथरूण घालीन, घर कललेलं आहे, वरच्या बाजूला डोकं करून झोपायचं. आणि नाही आलास, तर दोन्ही टोकं मी सांभाळीन. आजवर सांभाळलीच आहेत.

रुल्तिना